'कुलवधू'तली भानुमती करायची आहे, ज्योत्स्नाबाई भोळ्यांबद्दल सांगाल का?

मांडवीकाठ :

नमस्कार मंडळी. इथे पाच-सहा वर्षं नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

मी ३४ वर्षांची. पणजीत एका सहकारी बँकेत काउंटरवर असते. गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, मग लग्न, मग मुलगी, मग तंबोऱ्याची खोळ काढायची राहून गेली ती राहिलीच. यंदा आमच्या गावच्या मंडळाने कला अकादमीच्या संगीत नाट्यस्पर्धेसाठी 'कुलवधू' धरलं आहे आणि भानुमती माझ्या गळ्यात पडली आहे. शब्दशः गळ्यात.

अडचण अशी. दिग्दर्शक म्हणतात, "रेकॉर्ड ऐकू नकोस, नक्कल होईल." पेटीवर बसणारे काका म्हणतात, "रेकॉर्डमधली एक हरकत, सुरांची एवढीशी नक्षी, जरी इकडची तिकडे झाली तर मी उठून जाईन." दोघेही वडीलधारे. मी मधल्यामध्ये.

ज्योत्स्नाबाईंबद्दल, म्हणजे मूळच्या भानुमतीबद्दल, शोधायला गेले तर सगळीकडे त्याच चार ओळी. जन्म गोव्याचा, 'आंधळ्यांची शाळा', 'कुलवधू', 'बोला अमृत बोला', संपलं. मला वेगळंच विचारायचं आहे. त्या आधी गायिका की आधी नटी? १९-२० वर्षांची मुलगी त्या काळात नाटकात उभी राहिली ती कशी? आणि त्यांचं गाणं इतकं आटोपशीर का? आमच्या आजोबांकडच्या बालगंधर्वांच्या गोष्टींत एकेक पद अर्धा तास चालायचं.

ता. क. सासूबाई म्हणतात, रात्री अकराला तालमीवरून घरी येणारी भानुमती आम्ही रोजच बघतो, तिकीट कशाला काढायचं.

---

हिराबागेजवळची :

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनाच नाटकात घ्या.

मी पुण्यात हिराबागेपाशी राहते. तिथे ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. प्रायोगिक नाटकांना येणारी कॉलेजातली मुलं रोज त्या पाटीखालून आत जातात. एकदा रांगेत पुढच्या मुलाने मैत्रिणीला विचारलं, "ह्या कोण गं?" ती म्हणाली, "असतील कोणी देणगीदार." मी काही बोलले नाही, घरी येऊन मात्र तास दीड तास त्यांची गाणी लावून बसले.

आमच्या आजीला त्या नाटकातल्या म्हणून माहीतच नव्हत्या. तिच्यासाठी त्या रेडिओवरच्या. 'माझिया माहेरा जा' लागलं की ती विळीवरून उठायची नाही, पण तिचा हात थांबायचा. शब्द राजा बढ्यांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. आजीचं माहेर वाईला होतं आणि तिथे जायला कोणी अडवलेलं नव्हतं, तरी ती डोळे पुसायची. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: निदान आमच्या घरात तरी त्या आधी गायिका होत्या.

नाटकातलं जाणकार सांगतील. पायपेटीवाले काका आहेत का इथे?

---

पायपेटीवाला :

आहे, आहे. चष्मा सापडत नव्हता.

बाय, तू तिसवाडीतली की फोंड्याकडची ते लिहिलं नाहीस. कुठलीही अस, एक दिवस बांदिवड्याला जाऊन ये. ज्योत्स्नाबाईंचा जन्म तिथला, ११ मे १९१४. तेव्हा त्या दुर्गा केळेकर. तिथून मंगेशी काही लांब नाही, म्हणजे मास्टर दीनानाथांचं गाव. आमच्या तालुक्यात नारळ जास्त की गळे जास्त असा वाद माझे वडील घालायचे. जाऊन काही मिळेल असं नाही. महालक्ष्मीच्या देवळात जरा वेळ बस, एवढंच.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती मानायचं ते तुला ठरवता येईल. वय ७१. नोकरी पोस्टात झाली, पण गावात मला पोस्टमास्तर कोणी म्हटलं नाही, पेटीवालाच म्हणतात. पायपेटी, म्हणजे शहरातले लोक ज्याला ऑर्गन म्हणतात ती. उत्सवातल्या नाटकांना, स्पर्धांना बसत आलो. 'कुलवधू'ला अकरा वेळा बसलो आहे. त्यातल्या अकरा भानुमतींपैकी दोघींना गाता येत होतं, तिघींना बोलता येत होतं आणि एकीला दोन्ही. त्या एकीची गोष्ट खाली सांगतो, आधी तुझे प्रश्न.

आधी गायिका. त्यात शंका नको. मोठी बहीण गिरिजाबाई गाणारी, तिच्याबरोबर ही लहान वयात मुंबईला गेली आणि गाण्यातच वाढली. १९३२ साली केशवराव भोळ्यांशी लग्न झालं. त्या घरात काय होतं ते लक्षात घे, म्हणजे पुढचं सगळं उलगडतं. केशवराव म्हणजे मराठी भावगीताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. पुढे प्रभात फिल्म कंपनीत जाऊन 'संत तुकाराम', 'कुंकू' अशा चित्रपटांना संगीत देणारे. शिवाय 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' अशी टोपणनावं घेऊन गवयांवर लिहिणारे. म्हणजे बायको स्वयंपाकघरात गुणगुणली तरी ऐकायला घरात समीक्षक हजर. आमच्यासारख्याने अशा घरात तोंडच उघडलं नसतं.

१ जुलै १९३३ ला 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणलं. ब्यर्नसन नावाच्या नॉर्वेच्या लेखकाचं मूळ नाटक, मराठी केलं श्री. वि. वर्तकांनी. संस्थेत वर्तक, अनंत काणेकर, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर अशी शिकलेली मंडळी, आणि संगीताला घरचेच केशवराव. तू विचारलंस, १९ वर्षांची मुलगी उभी कशी राहिली. बाय, ती एकटी नाही उभी राहिली. नवरा त्याच संस्थेत, दुसरी स्त्रीभूमिका वर्तकांच्या पत्नी पद्माबाईंची. घरच्या बायका पुढे काढल्या आणि मग लोकांना म्हणाले, आता बोला. ज्योत्स्नाबाईंची भूमिका बिंबाची. ओढलेले रंगीत पडदे गेले, रंगमंचावर खरीखुरी खोली आली, टेबल-खुर्ची आली. आणि त्या खोलीत बसून गायचं. हे किती अवघड आहे ते तुला तालमीत कळलंच असेल. रंगवलेल्या पडद्यापुढे, राजवाड्यात, उपवनात माणूस गातो ते कोणाला खटकत नाही. खुर्चीवर बसलेली बाई मधेच गायला लागली की खटकतं. ते खटकू द्यायचं नाही, हे काम त्या मुलीवर आलं होतं.

आता तुझा तिसरा प्रश्न, आटोपशीर का. याची कारणं पेटीवाल्याच्या बाजूने सांगतो.

किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, त्यात पदं दोनशेच्या आसपास. गंधर्वांच्या काळात पदं कमी झाली पण लांबली. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं आणि लोकांना ते चालायचं, कारण दुसरं होतंच काय. मग १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाले. नाटकाच्या थिएटरांत पडदा ताणून सिनेमे लागले. अडीच-तीन तासांत गाणी, रडणं, हसणं सगळं मिळायला लागल्यावर रात्रभर बसणार कोण? दुसरं, तबकडी. ७८ फेऱ्यांच्या तव्याच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यात मुखडा, अंतरा, दोन हरकती आणि एखादी तान बसवायची म्हणजे पसाऱ्याला जागाच नाही. तिसरं रेडिओ. ज्योत्स्नाबाई या तिन्हींच्या ऐन मध्ये वाढल्या. त्यांना कोणी "कमी गा" असं सांगावं लागलं नाही, त्यांचा घासच तेवढा होता. गंधर्वांचं पद म्हणजे पंगत. बाईंचं पद म्हणजे कोणीतरी आपल्या हातावर ठेवलेला प्रसाद. (हे वाक्य जरा जास्तच झालं, पण राहू दे.)

म्हणून १९४१ ला मो. ग. रांगणेकरांनी 'नाट्यनिकेतन' काढलं आणि १९४२ ला 'कुलवधू' आणलं, तेव्हा त्यांना हवी तशी बाई तयार होती. २८ वर्षांची, दहा वर्षांची संसारी, गाणारी, आणि मुख्य म्हणजे घरातल्यासारखं बोलणारी. नाटक काय आहे? बाई सिनेमात काम करते, कमावते, आणि त्यावरून नवऱ्याच्या मनात जे चालतं ते. इब्सेनची छाया आहे त्यात. १९४२ सालच्या प्रेक्षकाला हे खुपणारच. आता बघ, सिनेमात काम करणाऱ्या बाईचं काम, स्वतः नाटकात काम करणारी बाई करते आहे. समोर बसलेल्या बायकांना हे दिसत नसेल असं म्हणतेस? तुझ्या सासूबाईंना तर तिकीट न काढताच दिसलं.

चाली मास्टर कृष्णरावांच्या. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व कंपनीत मुरलेले. म्हणजे चाल बांधणारा जुन्या घरातला आणि गाणारी नव्या. 'क्षण आला भाग्याचा', 'मनरमणा मधुसूदना' आणि ती भैरवी, 'बोला अमृत बोला'. तिन्ही पदांच्या तोंडावळ्यात कृष्णराव दिसतात, पण कुठेही ते बाईंना धरून ठेवत नाहीत. कृष्णरावांचं स्वतःचं गाणं ऐकलं असशील तर या सोडून देण्याची किंमत कळेल.

आता ती गोष्ट.

साल १९८४. एका गावच्या उत्सवात 'कुलवधू', देवळापुढच्या मांडवात. भानुमतीचं काम करणारी बाई सरकारी दवाखान्यात नर्स होती, कदंबाच्या बसने यायची, तालमीला निम्म्या वेळा गणवेशावरच. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिची पट्टी, म्हणजे तिचा सा, काळी चार, पेटीची चौथी काळी; तालमीत पंधरा दिवस मी तीच धरत होतो. प्रयोगाच्या दिवशी तिचा घसा बसला. तिने रंगभूषेच्या पोराकरवी निरोप धाडला, "पेटीवाल्यांना सांग, पांढरी पाच." पोरगा वाटेत कुठल्याशा भज्यांच्या गाड्यावर थांबला आणि निरोप तिथेच राहिला.

पद जवळ आलं. मी नेहमीसारखा काळी चारचा षड्ज हलका धरून ठेवला. ती पदाच्या आधीचं वाक्य बोलली आणि त्या वाक्याचा शेवटचा शब्द माझ्या सुरापेक्षा अर्ध्या सुराने खाली पडला. नुसता बोललेला शब्द हं, गायलेला नाही. मला घाम फुटला. मला वाटलं, ही बेसूर झाली. तिने काय करावं? तोच शब्द पुन्हा बोलली. जरा हसून, नवऱ्याची थट्टा केल्यासारखा. तसाच, त्याच जागी, अर्धा सूर खाली. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. बोटं पांढरी पाचवर आणली, आणि ती त्या शब्दातूनच पदात शिरली. मांडवात कोणाला कळलं नाही. उलट तो दुसऱ्यांदा बोललेला शब्द अभिनय समजून लोक हसले.

मी बक्षिसाच्या पाकिटाचं सोडून तिच्या पाया पडायला गेलो. ती मेकअप पुसत म्हणाली, "भाऊ, पट्टी माझ्या वाक्यात असते. पेटीत नाही."

ते ऐकल्यावर मी ज्योत्स्नाबाईंच्या रेकॉर्डी नव्याने ऐकायला घेतल्या. त्याआधी वीस वर्षं मी त्यातल्या हरकती मोजत होतो. आता मी त्यांचे शब्द कुठे सुरू होतात ते ऐकायला लागलो. 'बोला' मधला 'बो' घे. आमच्या दहा भानुमती तो सुरावर ठेवतात. बाई तो आधी बोलतात आणि मग सुरावर नेतात. केसाएवढा फरक आहे. त्या फरकावर बाईंनी रंगभूमीवरची वर्षं काढली असं माझं मत आहे. माझ्या मतावरून भांडायला इथे लोक आहेतच.

तर दिग्दर्शकांना आणि पेटीवाल्यांना दोघांनाही बाजूला बसव. रेकॉर्ड ऐक. हरकती उचलू नकोस, श्वास कुठे घेतलाय ते वहीत लिही. पदाच्या आधीची चार वाक्यं तानपुरा लावून बोल. गाऊ नकोस, बोल. शेवटचा शब्द षड्जावर किंवा पंचमावर आपोआप पडेपर्यंत बोल. आठ दिवस एवढंच कर. पदाला हात लावू नकोस.

पुढचं थोडक्यात. 'नाट्यनिकेतन'मध्ये 'एक होता म्हातारा', 'कोणे एके काळी' वगैरे. मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता'तलं 'मानसी राजहंस पोहतो' मिळालं तर ऐक, भानुमतीनंतर लगेच ऐकू नकोस, एक दिवस जाऊ दे. 'आराधना' नावाचं नाटक स्वतः लिहिलं. 'तुमची ज्योत्स्ना भोळे' हे आत्मकथन आहे, वाचनालयात बघ. २००१ साली गेल्या.

हात दुखायला लागला. बोटं पेटीवर चालतात, या काचेवर नाही.

---

चौकस :

काकांचं लिखाण नेहमीप्रमाणे रसाळ. पण एक खडा काढतो, नाहीतर उद्या हीच गोष्ट "रंगभूमीवरची पहिली स्त्री" म्हणून फिरेल. तशी ती कुठल्याशा स्मरणिकेत छापलेली मी वाचली आहे.

बायका त्याआधी रंगभूमीवर होत्या. निव्वळ बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या, बेळगावकर मंडळीत तर पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करायच्या. कमलाबाई गोखले होत्या, ज्यांनी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात १९१३ साली काम केलं आणि नाटकातही हयात घालवली. हिराबाई बडोदेकरांनी तर भाऊ सुरेशबाबू आणि बहिणींना घेऊन स्वतःची नाटक कंपनी चालवली, स्वतः नायिका झाल्या. किराणा घराण्याची एवढी गाणारी बाई कंपनीच्या कर्जात उतरते, ही कहाणी कोणी सांगत नाही. मग सगळं श्रेय एका 'आंधळ्यांच्या शाळे'ला का?

आणि हिराबाई पेडणेकरांना विसरू नका. त्यांचं 'दामिनी' १९१२ साली ललितकलादर्श नाटक मंडळीने केलं. बाईने लिहिलेलं संगीत नाटक. पेडण्याचं नाव आडनावात असलेल्या बाईचं, काका, तुमच्याच गोव्याकडचं.

---

पायपेटीवाला :

चौकसराव, मी "पहिली" लिहिलं नाही. वर जाऊन पाहा. पण खडा बरोबर आहे, आणि हिराबाईंच्या कंपनीबद्दल तर शंभर टक्के. त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी पेटी घेऊन येतो.

फरक मला दिसतो तो असा. बायकांच्या मंडळ्यांना गर्दी व्हायची, पण त्यांच्याकडे बघायची नजर वेगळी होती. हे आमच्या गोव्यात तरी कोणाला समजावून सांगायची गरज नाही, गाणाऱ्या बायकांचा तालुका आहे हा. टाळ्या द्यायच्या आणि ओसरीवर बसवायचं. १९३३ मध्ये मध्यमवर्गीय शिकलेल्या लोकांनी आपापल्या बायकांना आपल्याबरोबर उभं केलं. त्यात धाडस होतं आणि थोडा पांढरपेशा गर्वही होता. ज्यांनी आधी ओसरीवर बसून गायलं त्यांच्या खांद्यावर उभं राहून हे धाडस झालं, हे त्या मंडळींपैकी किती जणांनी बोलून दाखवलं असेल देव जाणे.

आणखी एक हिशेब करून पाहा. १९३३ साली बालगंधर्व ४५ वर्षांचे होते. अजून लुगडं नेसून उभे राहत होते आणि लोक अजून जात होते. त्याच वर्षी इकडे १९ वर्षांची बिंबा खुर्चीवर बसून गाते आहे. दोन्ही एकाच वर्षी. माझे वडील गंधर्वांचे भक्त. त्यांनी ज्योत्स्नाबाईंना शेवटपर्यंत "ती भावगीतवाली" म्हटलं. 'कुलवधू'चे तवे मात्र आमच्या घरात दोन होते, कारण पहिला झिजला.

---

मांडवीकाठ :

काका, आठ दिवस वाट न बघता चार दिवसांतच लिहिते आहे, रागावू नका.

तानपुऱ्याचं ॲप लावून (खऱ्याला तार नाही, आणायची आहे) ओट्याशी उभी राहून वाक्यं बोलत होते. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तू गाणं म्हणतेयस की बोलतेयस?" मी म्हटलं बोलतेय. ती म्हणाली, "मग बाबांशी पण असंच बोल." हे उत्तीर्ण झाल्याचं लक्षण आहे का?

पण एक गोष्ट सापडली. माझा शेवटचा शब्द काळी चारवर पडतच नाही. दहापैकी आठ वेळा तो काळी तीनच्या आसपास जातो. म्हणजे एक सूर खाली. मंडळात काळी चार ठरली आहे, कारण मागच्या भानुमतीची तीच होती आणि पेटीवाल्या काकांच्या वहीत तसं लिहिलंय. पट्टी उतरवली की गाणं "बसतं", परीक्षकांना आवडत नाही, असं ते म्हणतात. वरचा षड्ज काळी चारला मला लागतो, पण तेव्हा चेहरा भानुमतीचा राहत नाही, परीक्षेला बसलेल्या मुलीचा होतो. आरशात पाहिलं.

चौकस दादा, हिराबाईंचं वाचते आहे. कर्जाची गोष्ट खरंच कुठे नीट सापडत नाही.

---

पायपेटीवाला :

काळी तीन. वाद घालू नकोस, सरळ काळी तीन.

तुझ्या आरशाने मंडळापेक्षा नीट परीक्षण केलंय. पट्टी उतरली की गाणं बसतं हे अर्धं खरं आहे. भैरवीत खालचे कोमल स्वर भरून आले तर गाणं बसत नाही, मुरतं. मात्र काळी तीनला खर्जाकडे उतरताना तुझा आवाज हवेसारखा होत असेल, तर मग पांढरी पाच घे, मधली वाट. उतरताना शब्द ऐकू येतो का, हे मांडवाच्या शेवटच्या रांगेत मुलीला बसवून तपास. ती खरं बोलते असं दिसतं आहे.

तुमच्या पेटीवाल्या काकांना माझं नाव सांगू नकोस, मी ओळखत असेन तर भांडण होईल. फक्त एवढं विचार: "काका, मागच्या भानुमतीची पट्टी तुमच्या वहीत आहे, माझी कुठल्या पानावर लिहिणार?" पेटीवाल्याला वहीतलं कोरं पान दाखवलं की तो विरघळतो. मी विरघळतो.

आणि वन्समोरचा विचार आत्ताच करून ठेव. स्पर्धेत वन्समोर घेता येतो की नाही ते नियमावलीत बघ, पण गावच्या प्रयोगाला मिळणारच. तेव्हा पद पुन्हा पहिल्यापासून घेऊ नकोस. आधीचं वाक्य पुन्हा बोल आणि मग घे. त्या नर्सबाईंनी केलं तसं. लोकांना वाटेल अभिनय.

---

हिराबागेजवळची :

मांडवीकाठ, प्रयोगाची तारीख टाका. दिवाळीनंतर असेल तर मी आणि माझी बहीण येऊ, तिला गोव्याला जायला निमित्तच हवं असतं.

---

मांडवीकाठ :

तारीख अजून लागायची आहे, लागली की टाकते.

काल विचारलं. "माझी कुठल्या पानावर लिहिणार?" काका बराच वेळ वहीच चाळत बसले. मग म्हणाले, "काळी तीन लिहितो, पण पेन्सिलीने." दिग्दर्शकांनी काहीच म्हटलं नाही, त्यांनी तोवर चहा मागवला होता.

सासूबाई रविवारच्या तालमीला येणार आहेत. शेवटच्या रांगेत मुलीशेजारी बसणार म्हणाल्या, ऐकू येतंय का ते बघायला.

---

पायपेटीवाला :

पेन्सिल चालेल. माझ्या वहीत त्या नर्सबाईंची पांढरी पाच अजून पेन्सिलीतच आहे.

रविवारी मला जमणार नाही. पायपेटीचा भाता उघडून ठेवलाय. ह्या पावसाने चामडं एका बाजूने सुटलं आणि पाय मारला की सुराआधी फुसकी हवा येते. म्हापशाला एक जण अजून ते काम करतो, त्याच्याकडे न्यायची आहे. नेऊन आणली की कळवतो.